परासरणाची व्याख्या पाठ, तरी वहीत “मीठ पाणी ओढतं”. आठवीची मुलं नेमकी कुठे अडतात?

कळवा_आठवीब

नमस्कार. आठवीला विसरण (कण आपोआप पसरत जाणं) आणि परासरण शिकवून झालं. व्याख्या विचारली की 42 पैकी बहुतेक हात वर येतात. “निवडक्षम पारपटलातून, जास्त पाणी असलेल्या भागाकडून कमी पाणी असलेल्या भागाकडे” हे मुलं न अडखळता म्हणतात. व्याख्येबाहेरचा एखादा प्रश्न टाकला की मात्र गाडी रुळावरून उतरते. वह्यांतली काही उत्तरं जशीच्या तशी देते.

काकडीच्या कोशिंबिरीला पाणी का सुटतं? “मीठ पाणी ओढून घेतं.”
शाई पसरून पाणी एकसारखं निळं झाल्यावर शाईचे कण काय करतात? “थांबतात. आता सगळीकडे जागा भरली.”
पावसाळ्यात मिठाची बरणी ओली का होते? “परासरण.”
उकडलेल्या बटाट्यात परासरण होईल का? अर्धा वर्ग “होईल” म्हणतो, उरलेला म्हणतो “नाही, परासरण फक्त सजीवांत होतं”.

एका मुलीने उलट मलाच विचारलं: खाडीचं पाणी खारट आहे, मग तिवरांच्या (खारफुटीच्या) मुळांतलं पाणी बाहेर निघून झाड वाळत का नाही? याचं उत्तर तिला द्यायचं आहे.

आतापर्यंत शाईचा थेंब, अगरबत्ती आणि भिजवलेले बेदाणे दाखवले आहेत. ठाणे स्टेशनात रिकामा डबा आला की गर्दी तिकडे सरकते, ही उपमाही दिली आहे. शाळेत एक सूक्ष्मदर्शी आणि 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आहे. डायलिसिसची (निवडक पटलाची) नळी नाही. 35 मिनिटांचे फार तर तीन तास मिळतील. कुठून उलगडायला घेऊ?

---

परीक्षानळी_नेरुळ

मॅडम, ही उत्तरं वेगवेगळी दिसली तरी मूळ एकच आहे. मुलांच्या डोक्यात पाणी कणांचं बनलेलं नाही. खात्री करायची असेल तर कोऱ्या कागदावर “शाई मिसळलेल्या पाण्याचा एक थेंब दहा कोटी पटीने मोठा करून काढा” असं सांगा. बहुतेक चित्रांत निळ्या रंगाने भरलेली पार्श्वभूमी आणि तीत तरंगणारे शाईचे ठिपके येतील. पाण्याचे रेणू कुणीच काढणार नाही. पाणी म्हणजे सलग काहीतरी आणि त्यात कण फिरतात, असं चित्र मनात असेल तर पाण्याचेच रेणू पटलातून इकडून तिकडे जातात हे वाक्य मुलाला कळण्याची शक्यता नाही. म्हणून परासरणाआधी हे चित्र दुरुस्त करा, त्याला एक अख्खा तास गेला तरी चालेल.

आता शाईच्या थेंबाबद्दल. हा प्रयोग सगळीकडे विसरणाचा म्हणून दाखवला जातो, पण दोन मिनिटांत ग्लासभर जे पसरताना दिसतं ते जवळजवळ पूर्णपणे पाण्यातले प्रवाह असतात. थेंब पडतानाचा धक्का, शाईची घनता आणि ग्लासातल्या तापमानातला थोडा फरक यांमुळे ते प्रवाह तयार होतात. खाली उतरणाऱ्या निळ्या दोऱ्या दिसतात ना, ते विसरण नव्हे. आकडा पाहा. रंगाच्या लहान रेणूचा पाण्यातला विसरण गुणांक, म्हणजे पसरण्याच्या वेगाचं माप, सेकंदाला साधारण 0.000005 चौरस सेमी असतो. त्या हिशेबाने 1 मिमी अंतराला सुमारे 17 मिनिटं लागतात आणि 1 सेमीला 28 तासांच्या आसपास. पेशीच्या मापाच्या, म्हणजे एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या अंतराला मात्र सेकंदाचा दहावा भाग पुरतो. पेशी एवढ्या लहान का असतात, याचं एक कारण मुलांना इथेच सांगता येईल.

अगरबत्तीचंही तसंच आहे. गरम धूर वर चढतो, पंखा आणि खिडकी उरलेलं काम करतात. अगदी स्थिर हवेत निव्वळ विसरणाने वास पाच मीटरवर पोचायचा तर हिशेब दिवसांमध्ये जातो. वास येतो हे खरं, पण तो कशाने आला याचं मुलांना दिलेलं कारण चुकतं. पुढे “कण स्वतःहून धावत जातात” असं मूल लिहितं त्याची सुरुवात या दोन प्रयोगांपासून होते.

प्रवाह बंद करायचे तर पाणी जेलीत अडकवा. किराणा दुकानातला चायना ग्रास घ्या. 100 मिली पाण्यात दीड ग्रॅम बारीक कातरून पंधरा मिनिटं भिजवा, मग ढवळत उकळा. एकही दोरा दिसत नाही तोवर उकळायचं. अर्धवट विरघळलेला चायना ग्रास गुठळ्या करतो आणि रंग गुठळीच्या कडेने पळतो. गाळून परीक्षानळ्यांत 8 सेमीपर्यंत भरा, हवेचे बुडबुडे टोचून काढा आणि उभं ठेवून गोठू द्या. फ्रिज लागत नाही, 40 अंशांच्या खाली आपोआप घट्ट होतं. तयार जेलीची पाकिटं आणू नका, त्यांत बहुधा जिलेटिन असतं आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात ते वर्गातच पातळ होतं.

गोठलेल्या जेलीवर खाण्याच्या रंगाचं दाट द्रावण 1 सेमी उंचीचं ओता. पोटॅशियम परमँगनेट नको, ते चायना ग्राससोबत अभिक्रिया करून तपकिरी पडतं आणि कड ओळखू येत नाही. नळीला मोजपट्टीचा कागद चिकटवा. सकाळी 10 वाजता रंग ओता, 11 वाजता पहिलं वाचन घ्या, दुपारी 2 वाजता दुसरं आणि दुसऱ्या दिवशी 11 वाजता तिसरं. म्हणजे 1 तास, 4 तास, 25 तास. अंतरं साधारण 1 : 2 : 5 या प्रमाणात यायला हवीत. पहिल्या तासात रंग 4 मिमी उतरला असेल तर 2 वाजता तो 8 मिमीच्या आणि दुसऱ्या दिवशी 2 सेमीच्या आसपास दिसेल. चौपट वेळ दिला की दुप्पट अंतर. कण ठरवून एका दिशेने चालत असते तर चौपट वेळात चौपट अंतर गेले असते. ते निम्मंच गेलं, कारण ते पुढे-मागे, आडवे-तिडवे भटकतात. वर्गात हा मुद्दा अजिबात घाईने उरकू नका.

गरम आणि थंड पाण्यातली शाई दाखवायची सवय असेल तर तिच्याऐवजी एक नळी फ्रिजमध्ये आणि एक बाहेर ठेवा. 5 अंश आणि 30 अंश यांत गुणांक साधारण दुप्पट होतो, म्हणून अंतरात फरक सुमारे 1.4 पटीचा येतो. फ्रिजमध्ये 10 मिमी तर बाहेर 14. फरक लहान आहे, पण खरा आहे. गरम पाण्याच्या ग्लासात दिसणारा प्रचंड फरक हा प्रवाहांचा असतो.

---

घोडबंदर_गणित

परीक्षानळी सरांचं पटलं. “भटकतात” हा शब्द मुलांना अंगाने कळावा म्हणून एक खेळ सुचवतो. साहित्य एवढंच: चिठ्ठ्या, एक डबा आणि खडूची एक रेघ.

त्याआधी लोकलच्या उपमेबद्दल. ती सोडून द्या, ताई. रिकाम्या डब्याकडे माणूस डोळ्यांनी बघून, ठरवून जातो. रेणूला दिसत नाही आणि त्याला काही हवंही नसतं. “जागा भरली म्हणून कण थांबले” हे उत्तर या उपमेतूनच येतं, कारण माणूस जागा मिळाली की बसतो.

खेळ असा. वर्गाच्या मधोमध रेघ मारा. 42 ही मुलं डावीकडे. डब्यात 1 ते 42 हजेरी क्रमांकांच्या चिठ्ठ्या. न बघता एक चिठ्ठी काढायची, त्या क्रमांकाचं मूल जिथे असेल तिथून रेघेपलीकडे जाईल, मग ते डावीकडे असो की उजवीकडे. चिठ्ठी घडी करून परत डब्यात. हे विसरलात तर सगळी मुलं एकेकदा ओलांडून उजवीकडे जमा होतील आणि खेळ भलतंच शिकवेल. दर पाच चिठ्ठ्यांनी फळ्यावर दोन्हीकडची संख्या मांडा.

सुरुवातीला प्रत्येक चिठ्ठी उजवीकडेच पाठवते, कारण सगळे डावीकडेच आहेत. 20 चिठ्ठ्यांनंतर साधारण 29–13, 40 नंतर 24–18, आणि 80 च्या पुढे 21–21 च्या अवतीभवती. तिथे आकडा स्थिर राहत नाही, दोन-तीनने वरखाली होत राहतो. कधी 24–18 सुद्धा परत दिसेल. ते चुकलेलं नाही, उलट तो आलेख तसाच ठेवा. त्यानंतर विचारा: “कुणी रिकामी बाजू बघून गेलं का? कुणी थांबलं का?” दोन्हीची उत्तरं मुलं स्वतः देतात. 42 ऐवजी एका थेंबातले अब्जावधी रेणू असले की तो चढउतार इतका नगण्य होतो की डोळ्यांना सगळं शांत दिसतं. बाहेरून शांत आणि आत चालू, हे त्यांना दाखवायचं आहे.

गणिताच्या माणसाला हा खेळ ओळखीचा वाटेल. पॉल आणि तातियाना एरेनफेस्ट या शास्त्रज्ञ दांपत्याने 1907 मध्ये नेमका असाच नमुना मांडला होता.

आता याच रेघेवर परासरण. 30 मुलं “पाणी”, 12 मुलं पाठीवर दप्तर घेऊन “साखर”. डावीकडे 15 पाणी, उजवीकडे 15 पाणी आणि 12 साखर. या वेळी दोन डबे, ज्या बाजूला जी मुलं आहेत त्यांच्याच चिठ्ठ्या त्या डब्यात. प्रत्येक फेरीत दोन्ही डब्यांतून एकेक चिठ्ठी काढायची. पाणी निघालं तर ते मूल आपली चिठ्ठी घेऊन पलीकडे जातं आणि ती पलीकडच्या डब्यात टाकतं. साखर निघाली तर ती रेघेपर्यंत येते, अडते, परत जाते. चिठ्ठी आपल्याच डब्यात, डाव वाया.

डावीकडून दर फेरीला एक पाणी नक्की जातं. उजवीकडून मात्र सुरुवातीला 27 पैकी 15 वेळाच पाणी निघतं. 20 फेऱ्यांत डावीकडे 15 ची 7 च्या आसपास उरतात. दप्तरवाल्यांनी कुणालाही हात लावलेला नाही, ओढलेलं नाही. त्यांनी परतीच्या वाटेवरचे काही डाव तेवढे वाया घालवले. पाणी दोन्हीकडे जात होतं, एकीकडे जास्त गेलं. व्याख्येतल्या “जास्तीकडून कमीकडे” या शब्दांनी नेमकी ही परतीची वाट झाकली जाते. वहीत व्याख्या लिहून घेताना “निव्वळ हालचाल” असं लिहून घ्या. “निव्वळ” म्हणजे गेलेले वजा आलेले.

दोन्ही खेळ मिळून 35 मिनिटं पुरतात, पण चिठ्ठ्या आदल्या दिवशी तयार असाव्यात.

---

पर्णरंध्र_ठाणे

दोघांनी पाया घातलाच आहे. मी बटाट्याकडे, सूक्ष्मदर्शीकडे आणि त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळते. तिच्या प्रश्नाचं खरोखर कौतुक करायला हवं, कारण तिने नियम घेतला आणि तो घराबाहेर नेऊन लावून पाहिला.

आधी बेदाणे. बेदाणा वाळलेला असतो, त्यातली पेशीपटलं शाबूत राहिलेली नसतात. पाणी आत जातं तशी साखरही बाहेर येते. भिजवलेलं पाणी चाखलं तर गोड लागतं. एखादं चौकस मूल “साखर बाहेर आली, मग पटल निवडक कसं?” असं विचारेल, आणि ते बरोबर असेल. मटकी, चणे, साबुदाणा भिजून फुगतात तेही मुख्यतः अंतःशोषण: कोरडा स्टार्च आणि प्रथिनं पाणी धरतात. मेलेलं बी सुद्धा फुगतं. परासरणासाठी ही उदाहरणं वापरू नका.

बटाटा सर्वांत भरवशाचा. एकाच ताज्या, कोंब न आलेल्या बटाट्यातून 1 सेमी जाड, 1 सेमी रुंद, 5 सेमी लांब अशा फोडी कापा, साल अजिबात नको. एक फोड साधारण 5 ग्रॅम भरते. पाच ग्लासांत 100 मिली पाणी आणि मीठ अनुक्रमे 0, अर्धा, 1, 2 आणि 5 ग्रॅम. फोड टिपकागदावर हलकेच लोळवून वजन करा, बुडवा, तासाभराने काढा, पुन्हा तशीच टिपा, पुन्हा वजन. दोन तास जोडून मिळाले नाहीत तर मधली सुट्टी वापरा.

साध्या पाण्यातली फोड वजनाने वाढते आणि काडीसारखी ताठ होते. 5 ग्रॅमवाली वाकवली तर रबरासारखी वाकते. 1 ग्रॅमच्या आसपास वजन जवळजवळ हलत नाही. ते समपरासारी द्रावण. फरक 0.2 ते 0.5 ग्रॅमचा असतो, म्हणून टिपण्यात हयगय झाली तर ओलाव्याचंच वजन मोजलं जातं. प्रत्येक गटात एकाच मुलाने सगळ्या फोडी टिपाव्यात. आणि फरक ग्रॅममध्ये न मांडता मूळ वजनाच्या टक्क्यांत मांडा, कारण फोडी कितीही काळजीने कापल्या तरी सारख्या येत नाहीत.

एक ग्लास मिठाऐवजी साखरेचा ठेवा. 1 ग्रॅम साखरेचा परिणाम जेमतेम दिसेल. मिठाच्या 1 ग्रॅमएवढा परिणाम हवा तर साखर 10 ते 11 ग्रॅम लागते. का? परासरण कणांच्या संख्येवर चालतं. मिठाचा कण हलका आणि पाण्यात तो सोडियम व क्लोराइड असा दोनांत फुटतो. साखरेचा रेणू जड आणि अखंड. एका ग्रॅममध्ये मिठाचे कण साखरेच्या सुमारे 12 पट. “गोडापेक्षा खारट जास्त जोरात ओढतं” हा समज इथेच गळून पडतो. म्हणूनच, घोडबंदर सर, तुमचा चिठ्ठ्यांचा खेळ आठवीला उत्तम आहे, पण साखर “वाट अडवते” हे कारण अकरावीपर्यंत पक्कं होऊ देऊ नये. पुढे त्यांना दाब आणि ऊर्जेच्या भाषेत हे नव्याने शिकायचं असतं. आत्ता “चित्र सोपं केलं आहे” एवढं एक वाक्य बोलून ठेवलं तरी पुरे.

उकडलेला बटाटा याच मांडणीत सहावा ग्लास म्हणून ठेवा, 5 ग्रॅम मिठात. कच्च्यासारखा तो आक्रसून लवचीक होणार नाही, कारण उकडल्याने पटलं फाटलेली असतात आणि मीठही आरपार जातं. ज्यांनी “नाही होणार” लिहिलं त्यांचं उत्तर बरोबर, कारण चूक. जिवंतपणाची अट नाही, शाबूत पटलाची आहे. 1748 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ-अँत्वान नोले यांनी मद्यार्क भरलेल्या भांड्याचं तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या पडद्याने बांधून ते पाण्यात बुडवलं, तेव्हा पडदा फुगून ताणला गेला. तो पडदा मेलेलाच होता. अशा प्रश्नांत उत्तरासोबत कारणही निवडायला लावा. आर्थर ओडम आणि लॉइड बॅरो या संशोधकांनी 1995 मध्ये याच विषयावर 12 दुपदरी प्रश्नांची चाचणी केली, आधी उत्तर, मग त्याचं कारण. ती त्यांनी महाविद्यालयातल्या मुलांना दिली होती आणि तिथेही हेच गैरसमज निघाले. तेव्हा तुमची आठवी मागे नाही.

सूक्ष्मदर्शीसाठी ऱ्हिओचं पान आणा. वरून हिरवं, खालून जांभळं, सोसायट्यांच्या कुंड्यांत आणि दुभाजकांवर भरपूर असतं. पान दुमडून तिरकं फाडा, खालच्या बाजूचा जांभळा पापुद्रा निघतो. तो काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा. वर आच्छादन काच. एका कडेला 5 टक्के मिठाचा थेंब, दुसऱ्या कडेला टिपकागद. दोन ते पाच मिनिटांत जांभळा भाग पेशीभित्तिकेपासून (पेशीच्या बाहेरच्या ताठ आवरणापासून) सुटून आकसतो. भित्तिका तशीच उभी राहते. “पेशी आकसली” असं मुलं लिहितात, त्यांना दोन रेषा वेगळ्या रंगांनी काढायला लावा. मग साधं पाणी सोडा, रंग परत भरतो. द्रावण फार तीव्र केलं किंवा वर्गभर मुलं बघून होईपर्यंत तसंच ठेवलं तर पटल मरतं, रंग बाहेर सांडतो आणि परत भरणं दिसत नाही. एकच सूक्ष्मदर्शी आहे, त्यामुळे दर दहा मुलांमागे नवा पापुद्रा घ्या.

आता तिवर. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब (परासरण थोपवायला लागेल एवढा दाब) 25 वातावरणांच्या, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या 25 पटीच्या घरात असतो. खाडीत पावसाळ्यात गोडं पाणी मिसळून तो कमी होतो, उन्हाळ्यात वाढतो. तिवर तीन गोष्टी करतं. मुळांच्या पातळीवर बहुतेक मीठ बाहेरच अडवतं. पेशीरसात स्वतः भरपूर विद्राव्य पदार्थ साठवतं, त्यामुळे आतलं द्रावण बाहेरच्याहून तीव्र राहतं. आणि पानांतून बाष्पोत्सर्जन होताना जलवाहिन्यांतल्या पाण्यावर प्रचंड ताण येतो. 1965 मध्ये शास्त्रज्ञ शोलँडर आणि सहकाऱ्यांनी खारफुटीच्या फांद्यांत तो उणे 30 वातावरणांहूनही जास्त मोजला. तरीही जे मीठ आत आलंच, ते पानांवरच्या क्षारग्रंथी बाहेर टाकतात. कोरड्या दिवशी तिवराचं पान चाटून बघा, खारट लागतं. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात मुलांना नेलं तर हे पान त्यांना हातात घेऊन बघता येईल. त्या मुलीला सांगा की तिचा नियम मोडला नाही. झाडाने आपल्या बाजूचा आकडा बदलला.

मिठाची बरणी: पटल कुठे आहे, एवढाच प्रश्न विचारा. पटल नाही, म्हणून परासरण नाही. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा बाष्प धरून पाझरतं, आणि ठाण्यातला जुलै त्याच्या पुष्कळ वर असतो.

शेवटी “ओढतं” या शब्दाबद्दल. आपल्या स्वयंपाकघरात काकडीला, कैरीच्या फोडींना “पाणी सुटतं” म्हणतात. हे बोलणं विज्ञानाच्या जास्त जवळ आहे. मुलांना त्यांच्याच घरचा शब्द परत द्या आणि वहीत “ओढतं”, “खेचतं”, “शोषतं” दिसलं की “कोण? हात कुठे?” असं समासात लिहा.

---

पाणी_दुरुस्ती_कोपरखैरणे

फिल्टरचं काम करतो म्हणून एक भर घालतो. घरातला आरओ हे मुलांना रोज दिसणारं पटल आहे, पण तिथे पाणी खारटाकडून गोड्याकडे जातं आणि त्यांचा नियम उलटा दिसतो. कारण पंप. घरगुती यंत्रात बूस्टर पंप साधारण 70 ते 80 पीएसआय (दाबाचं एकक) दाब देतो. नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यात टीडीएस (विरघळलेले क्षार) लिटरला 1000 मिलिग्रॅम असला तरी त्याचा परासरण दाब जेमतेम 10 ते 12 पीएसआय. पंपाचा दाब त्याहून खूप जास्त, म्हणून पाणी उलटं ढकललं जातं. पंप बंद पडला की शुद्ध पाण्याची धार आटते, हे मुलं घरी नीट बघू शकतात. जुना मेंब्रेन, म्हणजे यंत्रातलं पटल, कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे फुकट मिळेल. उलगडून दाखवा, आत कागदासारखी पांढरी पातळ गुंडाळी असते. “परासरण फक्त सजीवांत” याला त्याहून चांगलं उत्तर नाही. कापण्याआधी एक दिवस ब्लीचच्या पाण्यात बुडवा आणि हातमोजे घाला, वापरलेल्या मेंब्रेनवर चिकट जैविक थर असतो.

---

कळवा_आठवीब

सगळ्यांचे मनापासून आभार. खेळ पहिल्या तासाला, बटाटा आणि ऱ्हिओ पुढच्या दोन तासांना, जेलीच्या नळ्या खिडकीजवळ चालू राहतील, असं ठरवते आहे. दोन शंका. व्हिनेगरमध्ये अंड्याचं कवच काढून करायचा प्रयोग याला जोडावा का? आणि दुसरी: एका पुस्तिकेत पातळ प्लास्टिकच्या पिशवीत स्टार्च भरून ती आयोडीनच्या पाण्यात ठेवायची कृती “परासरणाचा प्रयोग” म्हणून दिली आहे. ती चालेल का?

---

परीक्षानळी_नेरुळ

पिशवीची कृती चालते, नाव चुकलं आहे. आयोडीन पॉलिथिनमधून हळूहळू आत जातं आणि अर्ध्या-एक तासात स्टार्च निळाकाळा होतो. स्टार्चचा रेणू मोठा, तो बाहेर येत नाही, म्हणून बाहेरचं पाणी पिवळसरच राहतं. निवडक पटलातून होणारं विसरण म्हणून सुरेख प्रयोग आहे. पण पॉलिथिनमधून पाणी जवळजवळ जात नाही, त्यामुळे त्याला परासरण म्हणता येत नाही. पिशवीला आधी साध्या पाण्याने गळती आहे का ते तपासा. गाठीपाशी स्टार्चचा एक थेंब बाहेर राहिला तरी सगळं बाहेरचं पाणी निळं होतं आणि निष्कर्ष उलटा निघतो.

---

पर्णरंध्र_ठाणे

अंडं जोडा, पण वजनाचा क्रम पाळा. 5 टक्क्यांच्या साध्या व्हिनेगरमध्ये एक ते दोन दिवस, मध्ये एकदा व्हिनेगर बदला, उरलेलं कवच वाहत्या पाण्याखाली बोटाने अलगद काढा. व्हिनेगरमध्येच अंडं थोडं फुगलेलं असतं, त्यामुळे मूळ अंड्याचं वजन घेऊन तुलना केली तर आकडे फसवतात. कवच काढल्यावरचं वजन हे पहिलं वाचन. मग एक अंडं साध्या पाण्यात, एक साखरेच्या दाट पाकात, दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन. पाकातलं अंडं तरंगतं, म्हणून वर वाटी ठेवून पूर्ण बुडवा, नाहीतर वरची बाजू तशीच राहते. अंडं हाताळल्यावर साबणाने हात धुवायला लावा. शाळेत अंडं चालत नसेल तर प्रयोग सोडून द्या, बटाट्यात सगळं येतं.

आणि त्या पडद्याबद्दल मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगा, कारण तिथे नवा घोळ होतो. अंड्याचा तो पडदा म्हणजे पेशीपटल नव्हे, कवचाखालचं प्रथिनांचं अस्तर आहे. चाचणीत “हे पटल जिवंत आहे का?” असा प्रश्न घाला आणि खाली कारणासाठी दोन ओळी रिकाम्या ठेवा.